कुसाबाईंचा वाल

मेलेल्या माणसाची इच्छा मोडू नये. मोडली, की ती सात पिढ्या दाराशी उभी राहते, पाणी मागते आणि दिलेलं पाणी पीत नाही. आमच्या शेजारच्या कुसाबाईंच्या बाबतीत अडचण एवढीच होती, की त्यांनी कुठली इच्छा मागे ठेवलेली नव्हती. त्यांचे शेवटचे शब्द होते, "पंखा कमी कर." महेशने पंखा कमी केला आणि त्या गेल्या. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण दहाव्याला कावळा शिवेना.

दहाव्याला मी होतो. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर; नाशिकचा माणूस तिला गंगाच म्हणतो आणि तिने आजवर हरकत घेतलेली नाही. श्रावणातली झिमझिम होती. शेजारच्या पिंडावर कावळ्यांची पंगत बसली होती आणि आमच्या पिंडाकडे एकही ढुंकून बघत नव्हता. कुसाबाईंचा मुलगा महेश पाटबंधारे खात्यात अभियंता. धरणाच्या भिंतीतून पाणी का झिरपतं यावर अहवाल लिहिणारा माणूस. तो हात जोडून आकाशाला म्हणाला, "आई, तुझी खोली आहे तशीच ठेवू." काही नाही. "आई, प्रतिभाला घरात कोणी बोलणार नाही." प्रतिभा, म्हणजे त्याची बायको, हिने चमकून त्याच्याकडे बघितलं. कावळ्याने बघितलं नाही.

"आई, वेदिकाचं लग्न नीट करू."

कठड्यावरचा एक कावळा दोन पावलं सरकला आणि थांबला. म्हणजे अडलंय ते नातीच्या लग्नात, हे तिथल्या तिथे ठरलं.

वेदिका ही महेशची एकुलती एक मुलगी. तिचं मखमलाबादच्या राजशी जमलेलं होतं. दोन्ही घरांना माहीत होतं, फक्त सुपारी फुटायची होती. उन्हाळ्यात तो एकदा घरी येऊन गेला, तेव्हा कुसाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "पोऱ्या बरा शे. पन दात भलता दखाडस." त्यांच्या हयातीत या वाक्यावर सगळे हसले होते. आता त्याची वाटणी झाली. पहिला अर्धा भाग वेदिकाने घेतला, दुसरा महेशने.

तेवढ्यात नामपूरहून आलेल्या नवसाबाई, कुसाबाईंच्या धाकट्या बहीण, माणसं बाजूला सारत पुढे आल्या. त्यांनी कावळ्याशी सरळ बोलणी सुरू केली. "अक्का, तुना वेलले कोनी हात लावाव नही. वेलले फुलं उनात का मंगच पोरनं लगीन."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. शेजारचा पिंड तोवर संपला होता, हेही नोंदवून ठेवतो. पण त्या वेळी ते बोलून दाखवण्याची कोणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

वेल म्हणजे वालाचा. कुसाबाईंनी आषाढात घरामागे, आमच्या नि त्यांच्या सामाईक भिंतीला लागून, नामपूरहून पदराच्या गाठीत आणलेलं बी टोचलं होतं. बांबू नि तारेचा मांडवही उभा करून घेतला होता. गंगापूर रोडवरच्या रो-हाउसात मागच्या बाजूला लोक वॉशिंग मशीन ठेवतात. कुसाबाईंनी वाल लावला. त्यांच्या माहेरची रीत अशी, की वाल फुलायला लागला की मुलींच्या लग्नाची बोलणी काढायची. तोवर चातुर्मास सरत आलेला असतो, कामं हलकी झालेली असतात. रीत शहाणीच होती. तिला कावळ्याचा शिक्का बसला आणि ती अट झाली: वेलाला फुलं आल्याशिवाय लग्न नाही.

तेराव्यानंतर नवसाबाई काही दिवस राहिल्या. जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अक्काला लहानपणापासून अंधाराचं भ्याव होतं. तिचा जीव आता वेलात आहे. फुलं येईपर्यंत वेलाजवळचा दिवा विझू द्यायचा नाही. प्रतिभा रोज संध्याकाळी पणती ठेवायची आणि भाद्रपदातला वारा ती रोज विझवायचा. पणती विझली की घरातले सगळे एकमेकांकडे बघत बसायचे.

शेवटी राज मदतीला आला. होणारे जावई लग्नाआधी जसे घरातली सगळी कामं ओढून घेतात, तसा तो घेत होता. त्यांच्या घरी शेवंतीच्या शेड आहेत. तिथला एक बल्ब, होल्डर आणि वायरचं भेंडोळं तो गाडीवर घेऊन आला आणि मांडवाच्या मधोमध त्याने बल्ब टांगला.

"घ्या काकू. आता वाऱ्याचा बाप आला तरी विझायचा नाही," तो दात दाखवत म्हणाला. प्रतिभाच्या डोळ्यांत पाणी आलं. महेशनेसुद्धा त्याला "बस, चहा घे" म्हटलं, जे तो सहसा म्हणत नसे.

त्या दिवसापासून वेल पेटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. पानांच्या आत दिवा, बाहेर हिरवा उजेड. आणि वेल असा वाढू लागला, की बघणाऱ्याने मागे सरकावं. मांडव भरला. मग पाण्याचा पाइप गेला. मग कपड्यांची दोरी. मांडवाखाली प्रतिभाची स्कूटर उभी असायची. आठवडाभर ती माहेरी गेली आणि परत आली तेव्हा हँडलला वेलाचे वेढे पडलेले होते. हात लावायचा नाही, हा शब्द दिलेला. तेव्हापासून ती सिटी बसने जाऊ लागली. पानांतून स्कूटरचा एक आरसा तेवढा बाहेर डोकवायचा आणि त्यात आपण दिसायचो, हिरवे.

वालाच्या पानाला तीन दलं असतात. दिवा आतून असल्यामुळे त्यांच्या सावल्या आमच्या बेडरूमच्या भिंतीवर पडायच्या: तीन-तीन बोटांचे हात, हळूहळू काहीतरी चाचपडणारे. शुभांगीने, म्हणजे आमच्या हिने, आधी पलंग फिरवला, मग कपाट मध्ये आणलं, मग मला विचारलं, "त्या काय शोधतायत हो?" मी म्हणालो, वारा आहे. ती म्हणाली, वारा शोधत नाही.

मग वेल खोलीत शिरला. कुसाबाईंची खोली शब्दाप्रमाणे आहे तशीच ठेवलेली, खिडकीसकट. एके दिवशी सकाळी महेशने मला हाक मारून नेलं. खिडकीच्या गजातून एक शेंडा आत आला होता आणि पलंगाच्या कडेला टेकवलेल्या कुसाबाईंच्या काठीला पिळे घालत मुठीपर्यंत पोचला होता. मुठीवर त्याचं कोवळं टोक वळून बसलं होतं. त्या मूठ धरायच्या, तसंच.

"भाऊसाहेब, तुम्ही शिकलेले आहात. हे काय आहे?"

"वेल आहे."

"काठीच का पण? खोलीत खुर्ची आहे."

"खुर्चीवर कसा चढणार तो?"

"आईला खुर्चीचा तिटकाराच होता," महेश म्हणाला.

मी बाहेर आलो, आणि बाहेर येताना खोलीकडे पाठ करायची नाही असं माझं मीच ठरवलेलं होतं, हे मला अंगणात आल्यावर कळलं.

दसरा झाला, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली. आनंदवल्लीकडे कुंपणाकुंपणावर वाल जांभळा झाला. बाजारात शेंगांचे ढीग लागले. कुसाबाईंच्या वेलाला पानांवर पानं येत होती, फूल नव्हतं. कळीसुद्धा नव्हती. वेदिकाने वडिलांना दुसऱ्यांच्या कुंपणांचे फोटो दाखवले.

"पप्पा, सगळ्यांचे फुललेत. आपल्याला खत जास्त झालं असेल."

"त्यांच्या वेलात आई नाहीये," महेश म्हणाला.

आणि संध्याकाळी खोकला ऐकू यायला लागला. कुसाबाईंचा खोकला गल्लीला पाठ होता: दोनदा कोरडा, मग एक "हं". तो वेलातून यायचा, दिवेलागणीला, कधी मांडवाच्या या टोकाने, कधी त्या. पक्षी असेल असं आम्ही धरून चालत होतो. कोणता पक्षी, ते कोणी विचारत नव्हतं.

इकडे मखमलाबादहून निरोप आला. राजचे वडील खंडेराव सरळ माणूस. ते म्हणाले, गमी झालेल्या घरात वर्षाच्या आत कार्य झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. तीन वर्षं आमची म्हातारी थांबणार नाही, तिला डोळ्यांदेखत राजचं लग्न बघायचंय. त्याला देवळाली कॅम्पातलं एक स्थळ सांगून आलंय. तुमचं काय ते संक्रांतीपर्यंत कळवा. आम्हाला घाई नाही, असंही त्यांनी शेवटी जोडलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. वेदिका भिंतीशी आली.

"काका, कोयता आहे?"

"आहे. कशाला?"

"नारळ फोडायचाय."

"नारळ कुठाय?"

"तोही द्या."

मी कोयता दिला. द्यायला नको होता असं आता म्हणता येतं, पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघून मी तोफही दिली असती. ती मांडवाखाली वाकून गेली. बुंधा अंगठ्याएवढा जाड झाला होता. तिने तो डाव्या हाताने धरला, उजवा हात वर नेला आणि म्हणाली, "आजी, सॉरी."

खोकला आला. दोनदा. मग "हं".

तो तिच्या डोक्याच्या अगदी वर आला, हातभर अंतरावरून. भिंतीच्या या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या मानेवर काटा आला. वेदिका तशीच थांबली. मग हात खाली आला. ती भिंतीशी आली आणि कोयता मुठीकडून माझ्या हातात दिला. एवढं भान तिला होतं.

"काका, तुम्ही खोकलात?"

"नाही."

"काकू?"

"ती भाजीला गेलीये."

"ती नाही म्हणतीये ना?" वेदिका म्हणाली. ती कोण, ते सांगायला नको होतं. "मी उन्हाळ्यातच विचारलं होतं तिला. पाय चेपता चेपता. आजी, हा नको असेल तर आत्ता सांग, म्हटलं, मी नाही करणार. खरंच नसतं केलं काका. तिनं नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा हात फिरवायचा आणि आता असं. मेल्यावर कोणी मत बदलतं का?"

आमच्या घरात त्या क्षणी मी सोडून कोणी नव्हतं, आणि मी खोकलो नव्हतो.

दिवा गेला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मार्गशीर्ष लागता लागता. संध्याकाळी प्रतिभाने बटण दाबलं आणि लागला नाही. वायर खारीने कुरतडली होती. तुटकं टोक पानांतून लोंबताना दिसत होतं. राज शिडी घेऊन आला. एव्हाना वेलाने बल्बच्या भोवती असा विळखा घातला होता, की काच जेमतेम दिसत होती.

"काका, पानं जरा बाजूला करतो."

"हात लावायचा नाही," महेश खालून म्हणाला.

"वेलाला नाही हो. पानांना."

"पानं म्हणजे वेलच."

"मग वायर कशी जोडू?"

"न लावता जोड."

राज उतरला. दुसरा बल्ब बाहेरच्या बाजूने टांगू म्हणाला, तर महेशने आधी नामपूरला फोन लावला. नवसाबाईंनी फोनवरच निकाल दिला: दिवा अक्काने स्वतः मालवलाय. दुसरा लावणं म्हणजे तिच्या तोंडाला तोंड देणं.

तेव्हापासून मागची बाजू काळी झाली. सावल्यांचे हात आमच्या भिंतीवरून गेले आणि शुभांगीला झोप येईना. हात दिसत होते तेव्हा ते कुठे आहेत हे तरी कळत होतं, असं ती म्हणायची. महेशच्या घरी पुन्हा सुतक आल्यासारखं झालं. दिवा विझला म्हणजे आई रुसली, की निघून गेली, यावर नवराबायकोचा वाद चालायचा. रुसली असेल तर लग्न होणार नाही आणि गेली असेल तर विचारायचं कोणाला. राजचं येणं थांबलं नाही, पण दात दिसेनासे झाले. मावळतीनंतर मागच्या दाराची कडी घालून घेतली जायची.

वेदिका तेवढी जायची. ऑफिसातून आली की त्या अंधारात जाऊन पायरीवर बसायची. मी भिंतीच्या अलीकडे झाडांना पाणी घालायचो, तेव्हा कानावर पडायचं. लग्नाचं ती काढत नव्हती. "आज बसमध्ये एक बाई तुझ्यासारखी बसली होती, पाय वर घेऊन. आई नीट जेवत नाहीये, तू जरा बघ. थंडी वाजते का गं तुला?" वेल सळसळायचा. एकदा ती म्हणाली, "नाही म्हणाली असशील तरी राग नाही माझा. फक्त कळू दे." त्यावर सळसळ थांबली आणि इतकं शांत झालं, की मी पाण्याचा नळ बंद केला.

देवळालीच्या स्थळाकडची माणसं मखमलाबादला येऊन शेड बघून गेली, ही बातमी राजनेच सांगितली. त्याला खोटं बोलता येत नाही. कुसाबाईंनी हेरलेला दोष बहुधा हाच असावा. सगळं तोंडावर दिसतं.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी वेदिकाने भिंतीवरून हाक मारली. आवाज चढवलेला नव्हता. "काका, या जरा."

मी गेलो. पानांच्या वर सरळ उभे दांडे आले होते, आणि त्यांच्यावर कळ्या, आणि खालच्या कळ्या उमललेल्या: जांभळ्या. एक नाही, दोन नाहीत, सगळा मांडव. स्कूटरच्या आरशाला लागून एक, पाण्याच्या पाइपवर एक, खोलीच्या खिडकीत एक. काठीच्या मुठीवरसुद्धा एक दांडा उभा होता. महेश अनवाणी बाहेर आला, खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. प्रतिभाने आत जाऊन नवसाबाईंना फोन लावला आणि फोन वेलाकडे धरला. फुलं ऐकू येतील अशी तिची समजूत होती की काय कोण जाणे. वेदिकाने ओढणी सावरली, मांडवाखाली गेली आणि डोकं थोडं पुढे झुकवून उभी राहिली, कोणी हात फिरवावा तशी. वारा नव्हता. एक फांदी खाली आली आणि तिच्या केसांना लागली. मी तिथेच होतो. मी बघितलं.

लगेच मखमलाबादला फोन गेला. संक्रांत उलटल्यावर खंडेराव चार माणसं घेऊन आले. महेशचा आग्रह होता, की बोलणी मागेच, वेलाखालीच व्हायला हवीत. सतरंजी घातली. काठी आणून मध्यभागी ठेवता आली नसती, ती वेलाची होती. मग महेश आईच्या खिडकीकडे तोंड करून बसला. दोन्हीकडून कुंकू लागलं, सुपारी फुटली, माघातली तारीख ठरली. महेशने खंडेरावांना सगळं सांगितलं: कावळा, मावशींचा शब्द, दिवा, आईने तो स्वतः मालवला ते, आणि मग आपल्या हाताने दिलेला होकार. खंडेराव टोपी मांडीवर ठेवून, मान हलवत ऐकत होते. वरून एक जांभळी पाकळी त्यांच्या पोह्यांत पडली. ती काढून त्यांनी वर बघितलं, आणि बघतच राहिले.

"राज."

"हा, दादा."

"तो बल्ब आपल्या शेडमधला ना रे?"

"हो."

"रात्रभर चालू असायचा?"

"रात्रभर. विझू द्यायचा नव्हता ना."

"शेडमध्ये आपण तो कशासाठी लावतो?"

राजने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानांपर्यंत लाल. वेदिकाने त्याच्याकडे बघितलं, मग वर बघितलं.

"भाव येईपर्यंत शेवंती फुलू नये म्हणून," राज म्हणाला.

खंडेरावांनी पाकळी बशीच्या कडेला ठेवली आणि पोहे खायला घेतले. रात्र लांब आणि अंधारी मिळाल्याशिवाय शेवंती फुलत नाही. वालही फुलत नाही.